लिटरला तेरा

इंदिरापुरम, गाझियाबाद
१२ ऑक्टोबर २००३

श्री. बळवंतराव कारखानीस यांस,
यतीन गुप्ते याचा नमस्कार.

जावयानं सासऱ्याला असं आडनावासकट पत्र लिहू नये, हे मलाही कळतं. पण गणपतीत, तुमच्या दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या मंडपात, आरतीचं ताट फिरत असताना तुम्ही चारचौघांत म्हणालात की यापुढे मला जे काय सांगायचं ते लेखी सांगा. तुमचा सगळा जन्म मिनिस्ट्रीत गेला. जे कागदावर नाही ते तुमच्या लेखी घडलेलंच नसतं. तेव्हा घ्या, हे कागदावर.

तुमचे आक्षेप तीन. मी सांख्यिकी खात्यातली पक्की नोकरी सोडून नोएडात खासगी कंपनीत गेलो. सरकारी क्वार्टर सोडून यमुनापार फ्लॅट घेतला. आणि वर ही गाडी घेतली. पहिल्या दोघांवर आपलं बोलून झालंय, त्यात आता राम नाही. तिसऱ्याबद्दल तुम्ही म्हणालात, "हा पांढरा हत्ती आहे. पेट्रोल पिऊन पिऊन तुम्हाला रस्त्यावर आणील. त्या घरात मी पाऊल ठेवणार नाही आणि इथून काडीसुद्धा पाठवणार नाही." सगळा मंडप ऐकत होता. मोदक देणाऱ्या बाईंनी माझ्या हातावरचा मोदक परत उचलला की काय असं मला वाटलं.

तर गाडीविषयी. ती ना जीप, ना मोटार. उंच आहे, पण आत गादीसारखी मऊ. इंदिरापुरमचे रस्ते अजून व्हायचेत, खड्ड्यांतूनच जावं लागतं, म्हणून उंच हवी. स्वरूपा आणि राधा दर रविवारी तुमच्याकडे येतात. तीन वर्षांची पोर घेऊन तीन बसेस बदलत येणं शक्य नाही, म्हणून दार घट्ट लागणारी हवी. दोष एकच निघालाय. पेट्रोलचा काटा बिघडलेला आहे. मनात येईल तिथे उभा राहतो. वर्कशॉपनं दोनदा बदलला, नवाही तसाच. त्यामुळे टाकीत किती आहे हे आम्हाला कोणालाच दिसत नाही. मी दर सोमवारी टाकी काठोकाठ भरतो आणि किलोमीटरला लिटरनं भागतो. आकडे माझा धंदाच आहे.

कंपनी लिटरला बारा म्हणते. सध्या साडेनऊ मिळतंय. नवं इंजिन आहे, रुळेल, असं म्हणतात. नाही रुळलं तर खर्च आवरावाच लागेल, हप्ते आहेत. मग स्वरूपाचं रविवारचं येणं महिन्यातून एकदा करावं लागेल. आपल्या माहितीसाठी.

यतीन


२४ नोव्हेंबर २००३

श्री. बळवंतराव यांस,

माझ्या पत्राला उत्तर आलं नाही. पोच तरी द्यायची होती, ऑफिसात देता तशी. असो.

आधी दिवाळीचं. सासूबाईंनी राधासाठी चकल्यांचा डबा दिला, तो तुम्ही पिशवीतून काढून परत ओट्यावर ठेवलात आणि म्हणालात, "इथं बसून हव्या तेवढ्या खा. तिकडे जाणार नाही." स्वरूपानं मला हे हसत सांगितलं आणि मग भांडी घासायला गेली, बराच वेळ नळ चालू होता. तुमच्या शब्दाचा मला आदर आहे, पण चकलीनं काय घोडं मारलंय?

आता खरी बातमी. गाडी सुधारली. माझं मागचं पत्र टाकल्यावर पुढच्याच आठवड्यात साडेनऊची तेरा झाली. मला वाटलं भागाकार चुकला. पुन्हा केला, तेराच. पुढच्या सोमवारी साडेतेरा. मग पुन्हा तेरा. कंपनीसुद्धा बाराच्या पुढे बोलायला धजत नाही आणि आमची गाडी तेरा देते. अण्णा, मी खरंच चक्रावलोय. (अण्णा चुकून लिहिलं. खोडत नाही.)

मी एकेक शक्यता घेऊन बसलो. टायरमधली हवा तीच. पंप तोच. थंडी पडली म्हणून इंजिन खूश झालं असेल, तर थंडीत उलट जास्त पेट्रोल लागतं म्हणतात. वर्कशॉपचा मुख्य सरदारजी आहे. त्यानं बॉनेट उघडलं, बंद केलं आणि म्हणाला, साहब, अच्छी चीज को छेड़ते नहीं. पण मला छेडल्याशिवाय राहवत नाही, तुम्हाला माहीतच आहे. लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मी पंख्याचा रेग्युलेटर उघडून बसलो होतो, तो किस्सा तुम्ही आजही सांगता.

तर रविवारचं येणं चालू राहील. पांढरा हत्ती कमी खायला लागलाय, एवढंच नम्रपणे कळवतो.

यतीन


१८ जानेवारी २००४

अण्णा,

आज रविवार. मायलेकी तुमच्याकडे आल्यात, मी घरात एकटा आहे. बाहेर धुकं इतकं आहे की समोरचा टॉवर दिसत नाही. अर्थात तो अर्धाच बांधून झालाय.

कात्रण सोबत जोडलंय. मोटारींच्या मासिकात 'मालकांचे अनुभव' म्हणून पान असतं, तिथे मी पाठवलं होतं आणि त्यांनी छापलं, फोटोसकट. फोटोत राधा बॉनेटवर बसलीय आणि माझं पोट आत ओढलेलं आहे. काट्याचा दोषही मी प्रामाणिकपणे लिहिलाय. पण मथळा त्यांनी दिला तो तेराचा. आता देशभरातून पत्रं येतायत. कोणी विचारतं क्लच कसा दाबता, कोणी विचारतं गाडी कोणत्या महिन्यात बनलेली. इंदूरच्या एका डॉक्टरनं तर मला खोटारडा म्हटलंय, पण फार सभ्य भाषेत.

तुम्ही विचाराल, कारण काय सापडलं? सापडलं. स्वरूपा. हसू नका. मी आठवडाभर नोएडाला जातो-येतो, ते अंतर थोडं. मोठं अंतर रविवारचं, आणि ते ती चालवते. तिचा पाय हलका आहे. ती ब्रेक कमी मारते, रेस हळू देते, सिग्नलला बंद करते. माझा सिद्धांत असा की माझ्या साडेनऊत तिचे अठरा मिसळतात आणि तेरा होतात. तिला हे सांगितलं तर म्हणाली, "छोडो ना, मी तर रिंग रोडवर बिल्कुल तुझ्यासारखीच पळवते." बायका स्वतःचे गुण कबूल करत नाहीत.

आमच्या खालच्या मजल्यावर त्यागीजी राहतात. गाझियाबादचेच, जमीन विकून टॉवरमध्ये आलेले. मला दोन वर्षं 'गुप्ताजी' म्हणतात, गुप्ते त्यांच्या जिभेवर बसत नाही. त्यांनी माझं कात्रण वाचून तीच गाडी घेतली. तोच रंग. काल पेढे घेऊन आले आणि म्हणाले, आपके भरोसे ली है.

सासूबाईंचे गुडघे कसे आहेत? स्वरूपा म्हणते, तुम्ही मार्चअखेर रिटायर झालात की लगेच क्वार्टर सोडून रोह्याला जाणार. रिटायर झाल्यावरही ते चार महिने ठेवता येतं ना? इथे आमची मधली खोली रिकामी आहे. मी फक्त वस्तुस्थिती लिहितोय, आमंत्रण नाही. आमंत्रण दिलं तर तुम्ही नाकाराल आणि मग तेही लेखी होईल.

यतीन


२९ फेब्रुवारी २००४

अण्णा,

मी तोंडघशी पडलोय. सविस्तर सांगतो, कारण दुसऱ्या कोणाला सांगायची सोय राहिलेली नाही.

महिन्याच्या सुरुवातीला स्वरूपाला ताप आला, हे तुम्हाला माहीत आहे. दोन रविवार ती आली नाही. त्या दोन्ही सोमवारी गाडीनं साडेनऊ दिले. मी खूश झालो. सिद्धांत सिद्ध. ती नाही तर तेरा नाहीत.

इकडे त्यागीजींची गाडी पहिल्या दिवसापासून साडेनऊच देते. आधी ते जिन्यात भेटले की हसायचे, मग नुसते भेटायचे, मग वळून जायला लागले. शेवटी सोसायटीच्या मीटिंगमध्ये, पाण्याच्या टाकीचा विषय चालू असताना, उभे राहून म्हणाले की गुप्ताजींना कंपनीनं काहीतरी दिलंय, त्याशिवाय कोणी असं छापून आणत नाही. लोक माझ्याकडे बघायला लागले. माझी आयुष्यभराची भाकरी आकड्यांवर आहे, अण्णा. माणूस आळशी म्हणा, आगाऊ म्हणा, पण आकडा खोटा सांगतो म्हणालात की संपलं.

मी म्हटलं, हातच्या कांकणाला आरसा कशाला. दोन्ही गाड्यांच्या टाक्या एकाच पंपावर भरू, हापूडला जाऊ, परत येऊन पुन्हा भरू. माझी गाडी स्वरूपा चालवील. काल गेलो. त्यागीजी, त्यांचा मेहुणा, मागे आम्ही. हापूडचे पापडही घेतले. परत येऊन भरलं. त्यांची साडेनऊ. आमची, स्वरूपाच्या त्या हलक्या पायासकट, साडेनऊ.

त्यागीजी सरळ आपल्या घरात गेले. पापडाचं माझं पाकीट त्यांच्या गाडीत राहिलं होतं, ते मेहुण्याच्या हाती वर पाठवलं, एवढंच.

आता सांगा, घोडं कुठे पेंड खातं? गाडी तीच, पाय तोच, पेट्रोल तेच. ती आर. के. पुरमला गेली की तेरा, हापूडला गेली की साडेनऊ, घरी झोपली की साडेनऊ. म्हणजे जे काय आहे ते तुमच्या सेक्टरात आहे. तुमच्याकडे उतार आहे का? की येताना वारा मागून असतो? मी गंमत करत नाही, नकाशा घेऊन बसलोय.

आज ती पुन्हा तुमच्याकडे गेलीय. तिला सहज विचारलं, तिथे गेल्यावर गाडीचं काय करता? म्हणाली, काही नाही, अण्णा किल्ली मागतात आणि सावलीत लावून येतात. मी म्हटलं, अण्णांना मोटार चालवता येते? ती म्हणाली, "अरे हो, येत नाही ना." तिनं मग राधाला मोजे घातले आणि निघाली.

मला वाटतं, मी एकदा बघून येतो.

यतीन


४ एप्रिल २००४

ती. अण्णा,

हे पत्र टपालानं पाठवत नाही. कारण शेवटी लिहितो.

मार्चमध्ये एका रविवारी स्वरूपा निघाल्यावर मी तिच्या मागोमाग बसनं आलो. तिला सांगितलं होतं की ऑफिसचं काम आहे. तुमच्या समोरच्या ब्लॉकच्या जिन्यात पहिल्या मजल्यावर उभा राहिलो. तिथल्या एका बाईंनी मला कोण पाहिजे विचारलं, मी म्हटलं पाण्याचं मीटर. सुशिक्षित माणूस, पण वेळ आली की काय वाटेल ते बोलतो.

गाडी खाली उभी होती. थोड्या वेळानं तुम्ही उतरलात. बुशशर्ट, इस्त्रीची पँट, ऑफिसला जाता तसे. स्कूटर काढलीत आणि गेलात. परत आलात तेव्हा पायांमध्ये पांढरा कॅन होता, पाच लिटरचा, खोबरेल तेलाचा असतो तसा. तुम्ही चारी बाजूंना बघितलंत. वरही बघितलंत, मी खांबाआड झालो. मग पिशवीतून नरसाळं काढलंत. सासूबाईंचं, स्वयंपाकघरातलं, पितळी. किल्लीनं टाकीचं झाकण उघडताना ते अडकलं, तुम्ही त्याला दोन चापट्या मारल्यात. एका हातानं नरसाळं, एका हातानं कॅन, आणि थेंब सांडू दिला नाहीत. झाकण लावून आपल्या रुमालानं पुसलंत. मग नळावर गेलात, मातीनं हात चोळून धुतलेत, वास घेऊन बघितलात, परत धुतलेत. आणि वर गेलात, लेकीबरोबर चहा प्यायला.

मी जिन्यात पायरीवर बसलो. मीटरवाल्या बाईंनी पाणी आणून दिलं.

अण्णा, पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की गाडी परवडली नाही तर स्वरूपाचं येणं महिन्यातून एकदा होईल. सहज लिहिलं होतं, टोचायला. तुम्ही उत्तर दिलं नाहीत. तुम्ही कॅन आणलात. आणि त्यानंतर मी तुम्हाला पत्रांमागून पत्रं पाठवत होतो, गाडी किती गुणी आहे म्हणून. छापलेलं कात्रण पाठवलं. तुम्ही ते वाचलंत, घडी घातलीत आणि रविवारी पुन्हा पंपावर गेलात. तुम्ही मंडपात जे बोललात ते शंभर टक्के खरं होतं. ही गाडी पेट्रोल पिते. आणि तुम्ही सगळा हिवाळा, स्वतःच्या खिशातून, स्वतःलाच खोटं पाडत राहिलात. चारचौघांत मला खरं पाडत राहिलात. मला रडू आलं, सांगायला लाज वाटत नाही.

एक मात्र कळेना. चकलीसुद्धा न पाठवणारा माणूस पेट्रोल कसं देतो? शब्द मोडला म्हणावं तर तुम्ही मोडणाऱ्यातले नाही. बसमध्ये परत येताना यमुनेच्या पुलावर उत्तर सापडलं. माझी आई लहानपणी आम्हाला घेऊन माहेरी जायची, ती एकटी कधी गेली नाही. मामा यायचा. मुराळी म्हणून. सोबतीला बसायचा, तिकीट तोच काढायचा, आईनं पर्स उघडली तर तिच्या हातावर मारायचा. लेकीची येण्या-जाण्याची वाट माहेरची असते, सासरचा पैसा त्या वाटेला लावायचा नाही. म्हणजे तुम्ही माझ्या घरात काडीही पाठवली नाहीत. ते पेट्रोल माझ्या दारापर्यंत पोचतच नव्हतं, तुमच्या आणि तिच्या मधल्या रस्त्यावर जळत होतं. तुम्हाला मुलगा नाही. मुराळी पाठवणार कोण? तुम्ही स्वतः यायचं तर माझ्या घरात पाऊल ठेवावं लागलं असतं.

स्वरूपाला हा शब्द माहीत नव्हता. मी तिला सगळं सांगितलं नाही, नुसती रीत सांगितली. आर. के. पुरममध्ये वाढलेली मुलगी, लग्नानंतरही आम्ही क्वार्टरमध्ये असताना माहेरी जायला तिला एक सहाशे बारा नंबरची बस पुरायची. ती म्हणाली, किती छान ना, आपल्याकडे कोणी का नाही करत? कॅनचं तुम्हीच तिला सांगा.

त्यागीजींना मी जाऊन सांगितलं की माझा हिशेब चुकला होता. मासिकालाही तसंच कळवलंय, तेही छापतील. सोसायटीत आता माझं नाव झालंय ते झालंय. त्यागीजी दार लावताना म्हणाले, पढ़े-लिखे हो, ऐसी ग़लती कैसे हो गई? खरं कारण माझ्या ओठांवर आलं होतं. पण ते तुमचं होतं, माझं नव्हतं.

बुधवारी तुम्ही रिटायर झालात. हार घातलेला फोटो स्वरूपानं दाखवला. सामानाचा ट्रक मंगळवारी रोह्याला निघतोय आणि त्याच दिवशीची तुमची तिकिटं आहेत, हेही कळलं. म्हणजे माझ्या घरी न येताच तुम्ही दिल्ली सोडणार. रोह्याचं घर मी पाहिलंय. तिथे तुम्ही दोघं, आणि समोर नदी. दर रविवारी तुम्ही किल्ली कोणाकडे मागणार?

म्हणून आज स्वरूपा आलेली नाही. ती आणि राधा घरी थांबल्यात, मधल्या खोलीत पडदे लावतायत. गाडी मी घेऊन आलोय. हे पत्र सासूबाईंच्या हातात देऊन मी खाली जातो. तुमचं वाचून होईस्तोवर गाडीत बसून राहतो. टाकी भरून आणलीय, येण्याचीही आणि तुम्हाला कधी परतावंसं वाटलं तर जाण्याचीही. तुमच्याकडून एक पैसा घेणार नाही, रीतच तशी आहे. मी जावई म्हणून आलेलो नाही, त्याला तुम्ही नाही म्हणू शकता. मी तुमच्या लेकीनं पाठवलेला मुराळी म्हणून आलोय. मुराळ्याला एकट्याला परत पाठवलं तर लेक काय समजते, हे मी तुम्हाला सांगायला नको.

यतीन


(याच पत्राच्या मागे, निळ्या शाईत, वळणदार अक्षरात)

पाहिले. ट्रक मंगळवारचा आहे, तो सामान घेऊन जाईल. आम्ही त्यात नाही. सौ. चंद्रप्रभा बॅग भरते आहे, अर्धा तास लागेल. तोवर वर येऊन बसावे. मुराळ्याला खाली ताटकळत ठेवण्याची आमच्याकडे पद्धत नाही.

ब. का.